अकरा पदार्थांचं वेळापत्रक

५ मार्च, सोमवार

आज थुईशी खोटं बोलले. चौतीस वर्षं मुलांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं, आणि चौसष्टाव्या वर्षी पोटच्या मुलीला फोनवर सांगितलं की मी नवं काम हाती घेतलं आहे, सबब ह्वे शहर सोडून सायगावला येता येणार नाही. आवाजही कापला नाही.

तिने घराला गिऱ्हाईक शोधलं आहे. माझे यजमान दुयेत यांना जाऊन दोन वर्षं झाली, एवढ्या घरात मी एकटी काय करते, हा तिचा प्रश्न. गेल्या नववर्षाला मी तिला शब्द दिला होता की रिकामी बसले तर तुझ्याकडे राहायला येईन. शब्द देताना आपण रिकाम्या बसू असं मला वाटलं नव्हतं.

"कसलं काम, आई?"

"आहे."

"'आहे' हे उत्तर तू पेपरात चालवून घेतलं असतंस?"

मुलगी माझीच आहे, त्याला इलाज नाही. शेवटी तिने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर काम दिसलं नाही, तर एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाला होकार.

फोन ठेवला आणि छत्री घेऊन निघाले. खोट्याचं खरं करायला मी स्वतःला संध्याकाळपर्यंतच वेळ दिला होता. नदीपलीकडे त्वानचं छोटं अतिथिगृह आहे. त्वान माझा विद्यार्थी, भौतिकशास्त्रात काठावर पास. मला पाहून तो खुर्चीतून उठला तो उभाच राहिला.

"बाई, तुम्हाला मी काय काम देणार?"

"झाडू सोडून काहीही."

तो डोकं खाजवत म्हणाला, "सायगावची एक प्रवासी कंपनी माणूस शोधते आहे. पाहुण्यांना दिवसभर इथलं खाणं खाऊ घालत फिरवायचं. एक दिवस करून दाखवायचा, पसंत पडलं तर आठवड्याला दोनदा काम. पण बाई, त्यात चालणं फार, शिवाय..."

"मी घेतलं," मी म्हटलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

७ मार्च, बुधवार

ह्वेतलं सगळं खाणं मला ठाऊक आहे, असं मी त्वानला ठासून सांगितलं होतं. आज यादी करायला बसले तेव्हा लक्षात आलं की खाणं ठाऊक आहे, पण ते कुठे मिळतं हे ठाऊक नाही.

आमच्याकडे खाणं चालत घरी येई. साडेसहाला सुयेन, खांद्यावर कावड, एका टोकाला रश्श्याचा हंडा, दुसऱ्या टोकाला शेवया आणि वाट्या. दहाला शिंपल्यांचा भात. तीनला वाफवलेल्या वड्या. दिवेलागणीला गोड. प्रत्येकीची हाक वेगळी, आणि हाक आली की दुयेत भांडी घेऊन फाटकाशी जात. मी टेबलाशी वह्या तपासत असे. भांडं समोर आलं की खात असे. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक असतात, मी टेबलावरून अख्खं शहर खाल्लं.

रस्त्यावर बसून मी कधीच खाल्लेलं नाही. आमच्या मुख्याध्यापिकांचा दंडकच होता. सकाळी जिला मुलं वाकून नमस्कार करतात, ती बाई संध्याकाळी आओझायचा लांब झगा गुंडाळून वीतभर उंचीच्या स्टुलावर तिखटाने ओठ लाल करून बसलेली दिसता कामा नये. मला तो नियम इतका पटला की मी तो थुईलाही लावला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, मुख्याध्यापिका वारल्या, नियम सोडायचं मात्र राहून गेलं.

विचारत विचारत सुयेनची जागा सापडली. किल्ल्याच्या भिंतीला लागून, बदामाच्या झाडाखाली. आता तिने कावड सोडली आहे. मला पाहताच डाव हातात धरून ती ताठ उभी राहिली.

"बाई, तुम्ही? इथे?"

"तू घरी येणं बंद केलंस, म्हणून मला यावं लागलं."

"दुयेतदादा गेल्यावर मी तीन महिने रोज हाक मारत होते, बाई. फाटक उघडलं नाही."

"कामात असेन मी."

"हो बाई."

कसल्या कामात होते, ते आता आठवत नाही.

स्टुलावर बसले. पहिला घोट घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. जिभेपासून कानापर्यंत जाळ. मी ह्वेची बाई, तिखटाला भिणारी नव्हे. बावीस वर्षं याच सुयेनचा रस्सा खाल्ला आहे आणि कधी नाकातून पाणी आलं नाही. सायगावचे पाहुणे आमच्या घरी हाशहुश करायचे तेव्हा मी त्यांना हसत असे. मी तिला स्पष्ट सांगितलं, "तुझा हात बिघडलाय. मिरचीच्या तेलाने रस्सा झाकून टाकतेस. दहापैकी चार."

सुयेनने डाव हंड्यात ठेवला. काहीतरी म्हणणार होती. मग म्हणाली, "बरं बाई. पुढच्या वेळी तुमच्यात कमी घालते."

उठताना गुडघा अडला. बसायचं काम गुरुत्वाकर्षण फुकट करून देतं, उठायचं ज्याचं त्याने करायचं असतं. शेजारी खात बसलेल्या दोघांनी धरून उभं केलं. दोघेही माझे विद्यार्थी निघाले. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला बाकावर उभं करायचात." मी त्याला गप्प बस म्हटलं, पण हात सोडला नाही.

८ मार्च, गुरुवार

महिला दिन. तीन गुच्छ आले, तिन्ही जुन्या विद्यार्थ्यांचे. ज्याला दोनदा नापास केलं त्याचा सर्वांत मोठा. बादली कमी पडली.

११ मार्च, रविवार

चार दिवसांत एकोणीस ठिकाणी खाल्लं. पोट बिघडलं, पण माहिती जमली. प्रत्येकीला जागच्या जागी गुण दिले, कारण मागाहून गुण देणं म्हणजे भित्रेपणा.

शिंपल्यांचा भात विकणारी ल्यू माझ्याच वर्गातली. बोटाच्या पेराएवढे नदीतले शिंपले, त्यावर भाज्या, कुरकुरीत चरबी, मिरची, आणि खाली गार भात. मी म्हटलं, "भात गार का? तुझ्याकडे चूल नाही का?"

"बाई, गरम भात घातला तर त्याला कोम हेन कोण म्हणेल?"

"मी खाते तेव्हा कोमट असायचा."

"तुमच्याकडे दादा आधी कढत पाणी ओतून घ्यायचे वाटीत. तुमच्या घशासाठी."

हे मला नवीन होतं. त्यांनी उगाच चांगला पदार्थ बिघडवला. ल्यूला सहा दिले. ती म्हणाली, "चला, दोन वाढले. दहावीला चारच दिले होते."

१४ मार्च, बुधवार

वेळापत्रक तयार. सहा दहाला सुयेनचं बुन बो, म्हणजे गोमांसाच्या रश्श्यातल्या शेवया, सात वाजता कोम हेन, आठला वड्या, असे क्रमाने अकरा पदार्थ, शेवटचं गोड संध्याकाळी सात चाळीसला. चालण्याची मिनिटं वेगळी, हात धुण्याची वेगळी. चार रंगांत लिहिलं. सुयेनला दाखवलं तर तिने कागद उलटा धरला.

"सहा दहाला बरोबर वाढायचं," मी म्हटलं.

"मी घड्याळ बघत नाही बाई, हंडा बघते."

"आता घड्याळही बघ."

२० मार्च, मंगळवार

कंपनीने दिवस माझ्यावर सोपवला. मी एकतीस तारीख दिली. शनिवार, महिन्याचा शेवटचा दिवस, थुईच्या मुदतीचाही शेवटचा दिवस. याला नियोजन म्हणतात.

सकाळभर फिरून अकराही जणींना सांगून आले. सगळ्या म्हणाल्या, हो बाई. एकट्या सुयेनने फाटा फोडला. "एकतीस म्हणजे आपला कोणता दिवस येतो, बाई?"

"शनिवार. एकतीस. पाढ्यासारखं पाठ कर."

"एकतीस, शनिवार," ती म्हणाली.

या बायकांचं सगळं चंद्रावर चालतं. घरात तिथी दुयेत सांभाळायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान रोज तेच फाडत, कधी काय करायचं ते तेच करत. मी त्यांच्या फोटोपुढे रोज सकाळी सातला एक उदबत्ती लावते, तिथी कोणतीही असो. नियमितपणा म्हटला की त्यात चंद्राला कशाला विचारायचं.

२६ मार्च, सोमवार

थुईचा फोन. कंपनीचं नाव काय, तारीख कोणती, निघायचं कुठून, सगळं नीट विचारून घेतलं. माझ्या कामात पहिल्यांदाच रस दाखवला तिने. मनातून बरं वाटलं, पण तसं बोलले नाही.

गिऱ्हाईक मात्र अजून टिकून आहे म्हणाली. त्याला अंगणात गाड्या लावायच्या आहेत.

२८ मार्च, बुधवार

त्वान सांगून गेला की पाहुणे दोन होते ते तीन झाले. हॉलंडचं एक जोडपं आणि सायगावची एक बाई, तिने ऐनवेळी नाव दिलं. माझ्या कामाची कीर्ती सायगावपर्यंत गेली असं दिसतं.

रात्री झोप धड लागत नाही. पसंत पडलं नाही तर? अंगणात गाड्या. चौतीस वर्षं परीक्षा घेतली, ती द्यायची कशी असते हे विसरले होते.

१ एप्रिल, रविवार

कालचा दिवस क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं तरी तो सरळ होणार नाही.

सहाला त्वानच्या दारात पाहुणे हजर. योस्त हा दोन मीटर उंच, त्याची बायको मराइके हसतमुख, आणि सायगावची वान, पन्नाशीची, पायांत चालायचे पक्के बूट. मी सूचना दिल्या: मागे रेंगाळायचं नाही, पोट भरायचं नाही, प्रत्येक ठिकाणी अर्धी वाटी. योस्त म्हणाला, तो या बुन बोसाठी दोन वर्षं पैसे साठवत होता. मी म्हटलं, "दोन वर्षं थांबलात, आणखी दहा मिनिटं थांबा."

सहा दहाला सुयेनकडे पोचलो. मिनिटही चुकलं नाही. सुयेनने हंड्याचं झाकण काढलं. रस्सा पांढुरका. आत अळंबी, टोफू, गाजराची फुलं.

"सुयेन, मांस कुठे?"

"मांस?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, आज पौर्णिमा."

मला आधी अर्थच लागला नाही. मग डावीकडे पाहिलं. डुकराचे पाय विकणारीच्या टोपलीत मक्याची कणसं. उजवीकडे सॉसेजवाली, तिच्या पाटीवर केळीच्या पानात मूगडाळ. दर पौर्णिमेला आणि प्रतिपदेला ह्वेत कोणी मांस-मासळी खात नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला नव्हतं. म्हणजे, महिन्यातून दोनदा माझ्या वाटीत टोफू असे, पण मला वाटायचं सुयेनकडे मांस संपलं.

"मला सांगायचं नाहीस?" मी म्हटलं.

"मी विचारलं होतं, आपला कोणता दिवस. तुम्ही म्हणालात, पाठ कर. मी पाठ केलं."

पाहुण्यांना मी म्हटलं की हा सुरुवातीचा हलका पदार्थ आहे. हे दुसरं खोटं. योस्तने वाटीत चमच्याने खोलवर शोध घेतला. मग आम्ही ल्यूकडे गेलो. तिची स्टुलं एकावर एक पालथी, खडूने पाटीवर लिहिलेलं: देवळात. वडीवालीच्या वड्यांत कोळंबीऐवजी मूग. पुढची तर आलीच नव्हती. साडेआठ वाजले होते, माझ्या हातात चार रंगांचा कागद होता, आणि अकरापैकी आठ पदार्थ चंद्राने खाऊन टाकले होते.

"मॅडम," योस्त म्हणाला, "गाय कधी येणार?"

वान फक्त माझ्याकडे पाहत होती.

तेव्हा मी म्हटलं, "चूक माझी आहे. तारीख मी ठरवली आणि तिथी बघितली नाही." हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारल्याचं आठवत नाही. एकदा उच्चारायला हवं होतं, दहावी ब मध्ये, लोलकाच्या उदाहरणाच्या वेळी.

पुढे काय करायचं ते मला सुचेना. भररस्त्यात तशीच उभी राहिले. मागून सुयेन आली, रिकामा हंडा डोक्यावर घेऊन. तिचा माल संपला होता आणि ती देवळात निघाली होती. तिने आमच्या चौघांच्या तोंडांकडे पाहिलं.

"अजून इथेच? चला माझ्याबरोबर. देवळात आज सगळ्यांचं जेवण आहे."

"वेळापत्रकात देऊळ नाही," मी म्हटलं.

"मग राहा इथे वेळापत्रकापाशी," ती म्हणाली आणि पाहुण्यांना हाताने खूण करून चालू लागली. पाहुणे गेले. मग मीही गेले.

टेकडीवरच्या देवळाच्या मागे स्वयंपाकघर. माझ्या अकरांपैकी नऊ जणी तिथे खाली बसून चिरत, सोलत होत्या. देखरेखीला एक म्हातारी भिक्खुणी. तिथे पाहुणे वगैरे काही नसतं, येईल त्याने हात लावायचा. योस्तला नारळ खोवायला बसवलं, मराइकेला पानं पुसायला. माझ्यापुढे अख्खा कोवळा फणस आला.

मी सुरी उचलली. नऊ जणी बघत होत्या.

"बाई, हाताला तेल," ल्यू म्हणाली.

"मला कळतं," मी म्हटलं आणि फणसात सुरी घातली.

पाच मिनिटांत बोटं बोटांना चिकटली. चीक पुसायला काही मिळेना, म्हणून कागद घेतला, तर तो वेळापत्रकाचा निघाला. तो तळहाताला जो बसला तो बसलाच. हात झटकला तर सहा दहापासून दुपारी एकपर्यंतचा भाग फाटून फणसाला चिकटला. हसायला सुरुवात भिक्खुणीने केली, मग बाकीच्यांना कोण अडवणार. वानने माझा फोटो काढला. मी म्हटलं, फोटो पदार्थांचे काढायचे असतात.

ल्यूने माझे हात मांडीवर घेतले आणि तेल चोळून एकेक बोट सोडवायला लागली.

"बाईंनी घरी कधी सुरी धरलीच नाही," एकजण म्हणाली. "दादा सगळं करायचे."

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या बाजाराला माहीत आहे बाई. दादा मासळी घ्यायचे तेव्हा नुसते कल्ले बघून नाही, वैद्याने नाडी बघावी तशी निरखून घ्यायचे."

वान सुयेनशेजारी सरकली. "दादांना खाण्याची फार आवड होती का?"

"त्यांना? त्यांना यांची आवड," सुयेनने माझ्याकडे हनुवटी केली. "रोज दोन वाट्या आणायचे फाटकाशी. एक उघडी, एक झाकणाची. झाकणाच्या वाटीत मिरचीचं तेल थेंबभर नको, बाईंच्या पोटात व्रण आहे. बावीस वर्षं. आणि मला बजावलेलं, बाईंना कळू द्यायचं नाही. त्यांना वाटतं त्या तिखट खातात, वाटू दे."

"मला वाटलं तुझा हात बिघडला," मी म्हटलं.

"हो बाई. चार दिलेत."

"बदलून आठ."

"आठच?"

"दोन गुण खोटं बोलल्याबद्दल कापले," मी म्हटलं. फणसाचा चीक डोळ्यांत गेला होता. इतका की ल्यूने स्वतःच्या बाहीने दोनदा पुसून दिला.

अकराला पंगत. लांब बाकं, जो तो आपली वाटी आपण धुवून ठेवायचा. फणसाची कालवलेली भाजी, अळंबीचं कोरडं, सोयाच्या सायीचं असं काही की योस्त म्हणाला हे डुक्कर आहे, तो डुक्कर ओळखतो, त्याचे काका खाटीक आहेत. भिक्खुणीने त्याला आत नेऊन टोपलीभर साय दाखवली. तो परत आला आणि चार वेळा वाढून घेतलं. अर्ध्या वाटीचा नियम मी त्याला सांगितला नाही.

वान माझ्याजवळ बसली होती. खाण्यापेक्षा तिचं लक्ष भलतीकडेच.

"ताई, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता?"

"मी सगळंच वेळेवर घेते."

"आणि अचानक बरं वाटेनासं झालं तर? कोणी आहे हाकेला?"

हे शेजारून ल्यूने ऐकलं. "हाक कशाला? बाई सकाळी सात वाजता खिडकी उघडतात. सात पाच झाले तर अख्खी गल्ली दार वाजवायला येईल. मागे एकदा सात सात झाले होते, माझा नवरा शिडी घेऊन गेला."

शिडीचं मला आठवतं. मला वाटलं होतं तो आंबे चोरायला आलाय. मी त्याला हाकलून दिलं होतं.

वानने ते वहीत लिहून घेतलं. बुन बो खायला आलेल्या बाईला शिडीचं काय करायचं आहे, कोण जाणे. सायगावच्या लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोडच असते.

संध्याकाळी मीठ घातलेली कॉफी, तिळाची वडी आणि गोड, एवढे तीन पदार्थ वेळापत्रकाप्रमाणे झाले. नेमकी ती वेळ लिहिलेला भागच माझ्याकडे शाबूत उरला होता.

४ एप्रिल, बुधवार

कंपनीचं पत्र. जाहीर केलेल्या अकरा पदार्थांपैकी आठ देण्यात आले नाहीत, सबब पुढील काम देता येत नाही. खाली योस्तचा अभिप्राय जोडला आहे. तो लिहितो की प्रवासातला सर्वांत सुंदर दिवस, आणि मग प्रामाणिकपणे न मिळालेल्या आठ पदार्थांची नावं. प्रामाणिक माणसं फार नुकसान करतात.

पत्र बरोबर आहे. मीही नापासच केलं असतं.

त्वान आला होता. "बाई, मी त्यांना फोन करतो, दुसरी संधी..." मी म्हटलं, "फेरपरीक्षा मी कुणाला दिली होती का?" तो म्हणाला, "मला दिली होती." हे मी विसरले होते. तरीही फोन करू नकोस म्हटलं.

घरभर फिरून आले. अंगणात सहा गाड्या मावतील. आंबा तोडला तर आठ.

५ एप्रिल, गुरुवार

थुईला फोन केला. लपवाछपवी नको म्हणून सुरुवातीपासून सांगितलं: पाच मार्चचं खोटं, चंद्र, फणस, कंपनीचं पत्र. "शब्द म्हणजे शब्द. गिऱ्हाइकाला होकार कळव. मी सामान आवरायला घेते."

ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला मी रविवारीच नाही म्हणून सांगितलं."

"रविवारी? रविवारी तर पत्रही आलं नव्हतं."

"त्याचा माझा जमला नाही सौदा."

किमतीवरून फिसकटलं असणार. हल्ली शब्दाला कोणी जागत नाही. माझ्या नशिबाने यावेळी ते बरं झालं, एवढंच.

"आई," ती म्हणाली, "मी येते रविवारी. मला नेशील सुयेनकडे? मी एक्केचाळीस वर्षांची झाले आणि त्या स्टुलावर कधी बसले नाही. वर्गातल्या सगळ्या मुली शाळा सुटली की तिथे जायच्या. मी बाईंची मुलगी, मी भिंतीपलीकडून वास घ्यायची."

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.

सुयेनला विचारून घेतलं. रविवार म्हणजे चांद्रमासाचा तेविसावा दिवस, मांस मिळेल.

८ एप्रिल, रविवार

थुई सकाळच्या विमानाने आली आणि संध्याकाळच्या गेली. सुयेनकडे दोन वाट्या खाल्ल्या, दोन्ही पूर्ण तिखट. नाक, डोळे, सगळं वाहत होतं. मी माझी वाटी मागितली. सुयेनने विचारलं, "कशी?" मी थुईकडे पाहिलं, सुयेनकडे पाहिलं, आणि म्हटलं, "झाकणाची." सुयेनकडे झाकण नव्हतं, तिने वर बशी ठेवून दिली.

थुई म्हणाली, "फणस कापताना हाताला तेल लावतात, आई." हे फोनवर सांगितलं होतंच. पण तिने माझी हात झटकण्याची नक्कलही हुबेहूब केली. कुणाकडून कळलं? त्वान चोंबडा आहे.

सगळ्या रस्त्याने तिला ओळखलं. वडीवाली, कणीसवाली, ल्यू, प्रत्येकीने काहीतरी हातात कोंबलं आणि पैसे घ्यायला नाही म्हटलं. मी म्हटलं, ही सवय वाईट. ल्यू म्हणाली, "तुम्हाला कोण देतंय? हिला देतोय."

विमानतळावर थुई म्हणाली, "जूनमध्ये माझ्या ऑफिसातल्या सहाजणी येतील. तुझा दिवस हवाय त्यांना. पौर्णिमेचाच. राहतील आपल्याच घरी, चालेल ना?"

"सहाजणी? इथलं त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्यातली एक येऊन गेली आहे ह्वेला. तिला आवडलं."

कोण, कधी, हे विचारायच्या आत ती आत गेली. जूनच्या पौर्णिमेला कोणता वार येतो ते बघायला हवं. किंवा सुयेनला विचारावं.

१० एप्रिल, मंगळवार

घरात गाद्या चारच आहेत. सकाळी बाजारात जाऊन दोन नव्या सांगून आले. फार मऊ नको म्हटलं, पाठीला वाईट. दुकानदार दोन प्रकार दाखवत होता, एक स्वस्त, एक महाग.

"किती वर्षं टिकायला हव्यात, बाई?" त्याने विचारलं. "त्यावर ठरेल."

मी मनात हिशेब केला.

"वीस," मी म्हटलं.